शेवंतीमामीचं भाण आणि माझ्या होडीचा कूलर

आमोण्याचे बाबलीमामा माझे सख्खे मामा नव्हेत. माझी आई आमोण्याची, म्हणून त्या गावातला प्रत्येक पुरुष माझा मामा, मग तो मला ओळखो न ओळखो. लहानपणी या हिशेबाने मला गावभर मामा होते आणि त्यातल्या एकानेही जत्रेहून कधी खाजं आणून दिलं नाही. चाळिशी उलटल्यावर त्यांतला एक मामा उपयोगाला आला. तोही असा, की आता देवापुढे हात जोडले की घरच्या माणसांमागोमाग त्याचं नाव तोंडात येतं.

मी सगुण. पेडणे तालुक्यात खाडीच्या काठाला आमचं घर आणि घरासमोर आमची होडी. वर्षभर ती होडी मासळी वाहते, पलीकडच्या गावच्या पाहुण्यांना नेते-आणते. पण दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला ती देवीची असते. त्या दिवशी आमच्या देवीची पालखी खाडी ओलांडून पलीकडच्या गावातल्या तिच्या धाकट्या बहिणीला भेटायला जाते आणि जाते ती आमच्याच होडीतून. पणजोबा वल्ही मारत नेत, आजोबांनी शीड लावलं, वडिलांनी इंजिन बसवलं. हा आमच्या घराचा मान. मान म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. आमच्याकडे जमीन गेली तर माणूस रडतो; मान गेला तर भांडतो आणि ते भांडण नातवंडांच्या हवाली करून मरतो.

गेल्या वर्षी भर खाडीत माझं इंजिन तापलं. पालखी होडीत, ढोल वाजतायत, पलीकडच्या धक्क्यावर माणसं आरत्या घेऊन उभी, आणि इंजिनाच्या झाकणाखालून भसाभस वाफ. बंद करावंच लागलं. ढोलही हळूहळू गप्प झाले. ओहोटीने आम्हाला समुद्राकडे ओढायला सुरुवात केली, तेव्हा रुद्रेश त्याची नवी टुरिस्ट बोट घेऊन आला आणि दोर टाकून आम्हाला ओढत पलीकडे घेऊन गेला. त्याच्या बोटीवर हसऱ्या डॉल्फिनची चित्रं आहेत. आमची देवी त्या वर्षी डॉल्फिनच्या मागून बहिणीकडे गेली. रुद्रेश वाईट माणूस असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याने पालखीला हात जोडले, बोटीवरची गाणी बंद केली आणि नंतर कुणाकडे एक शब्द काढला नाही.

शब्द काढला तो गावकर दत्ताराम यांनी. देवळाचं बोलणं त्यांच्याकडे, देवीपुढे गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीचं मागणं, घालायचं तेही त्यांनीच. यंदा चतुर्थी झाल्यावर देवळात सगळे बसले असताना ते मला म्हणाले, "सगुण, ह्या वर्षी तुझीच होडी. पण परत तापली, तर फुडच्या वर्षासून रुद्रेशाची. देवीक पाण्यात तिष्ठत ठेवची नाय." त्यांच्या बोलण्यात काही चुकीचं नव्हतं. म्हणूनच त्या दिवशी घरी येऊन मी जेवणावर राग काढला आणि आईची बोलणी खाल्ली.

आता हे दुखणं काय होतं ते सांगतो. इंजिनाच्या अंगातून गोडं पाणी फिरतं आणि तापतं. ते निववायला कूलर असतो. कूलर म्हणजे पितळेचं नळकांडं आणि आत बारीक नळ्यांची जुडी. नळ्यांच्या आतून खाडीचं खारं पाणी जातं, बाहेरून गोडं. गोडं निवतं आणि परत इंजिनात जातं. दोन पाण्यांची गाठ पडता कामा नये. माझ्या इंजिनात मध्येच गोडं पाणी नाहीसं व्हायचं. खाली थेंब नाही, पाइप कोरडे, आणि टाकी रिकामी. एखादी नळी फुटली असली तर गोडं पाणी खाऱ्यात मिसळून खाडीत जाणार आणि कुणाला पत्ता लागणार नाही, एवढं मलाही कळत होतं. मी कूलर काढून एका वर्कशॉपात दाखवला. त्यांनी हवा भरून पाहिली, म्हणाले ठीक आहे. दुसऱ्या ठिकाणी नेला, तिथेही ठीक. मग मी पंप बदलला, पाइप बदलले, जे जे बदलता येतं ते सगळं बदललं. पाणी जायचं थांबेना.

शेवटी आई म्हणाली, "आमोण्याच्या बाबलीक दाखय. बार्जीर इंजिना सांभाळण्यात तेचो जन्म गेलो."

कूलर गोणपाटात गुंडाळला, स्कूटरवर पायांमध्ये ठेवला आणि आमोण्याला गेलो. बाबलीमामा सोप्यावर बसून एका पंपाचा गंज खरवडत होते. सत्तरीचे, अंगाने काटक, आणि आवाज असा की मांडवीच्या पलीकडचा माणूस "काय?" म्हणून विचारील. माझं बोलणं मात्र त्यांना ऐकूच जाईना. मी ओरडून सांगितलं, अजून ओरडून सांगितलं. मग आतून शेवंतीमामी आल्या, त्यांच्या खांद्यावर बोटांनी एकदा टकटक केलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मामांनी पंप बाजूला ठेवला.

ही टकटक काय ते मला नंतर उमगलं. मामा बार्जवर, म्हणजे खाणीचा माल वाहणाऱ्या सपाट बोटीवर, इंजिन ड्रायव्हर होते. डिचोलीच्या खाणींची लाल माती भरून बार्ज मांडवीतून मुरगावला जात, तेव्हा वर सुकाणूवर तांडेल आणि खाली इंजिनापाशी मामा. एकमेकांना दिसत नाहीत आणि खाली कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तांडेल बेल मारायचा. एक बेल म्हणजे पुढे. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे मागे. आणि बार्ज धक्क्याला नीट बांधली गेली की चार, म्हणजे मशीन बंद, काम झालं, वर या. त्या इंजिनांनीच मामांचे कान खाल्ले. मग शेवंतीमामींनी घरात तीच बेल चालू केली, फक्त खांद्यावर. जेवायला या, एक. पुरे आता, दोन. चुकीच्या वाटेला निघालात, तीन. संसारात तीन किती वेळा लागतात ते मामींनाच विचारा.

"आणि चार?" मी विचारलं.

"ते देवचे तांडेलान," मामी म्हणाल्या. "माका तेचो अधिकार नाय." मग म्हणाल्या, "तेंचे निमाणे चार रवलेच." खाणी बंद पडल्या त्या वेळी बार्ज काठाला बांधली होती, उद्या बघू म्हणून. तो उद्या काही उजाडला नाही. बार्ज तिथेच गंजली, मग भंगारात गेली. सगळे आपापल्या घरी गेले आणि शेवटच्या चार बेली द्यायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मामी हे सांगत होत्या तेव्हा मामा माझ्या कूलरवरून तळवा फिरवत होते, जसा आपण गाईच्या पाठीवरून फिरवतो.

मामांचा एक हातखंडा होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं. कान गेल्यावर ते संपलं. हवा कुठून फुसफुसते ते ऐकू येत नाही, तर ते डोळ्यांना दिसायला हवं, म्हणून त्यांनी स्वतःच एक यंत्र जुळवलं होतं. यंत्र म्हटलं तर यंत्र. दोन लोखंडी पट्ट्या, त्यांना ट्रकच्या ट्यूबमधून कापलेलं रबर, आणि पट्ट्या आवळायला चार लांब बोल्ट. याने कूलरची गोड्या पाण्याची दोन्ही तोंडं बंद करायची. पट्टीतून एक नळी वर काढलेली, तिला हवा भरायचा पायपंप आणि बार्जवरचं जुनं घड्याळ, म्हणजे दाब दाखवणारा काटा. आणि या सगळ्याच्या डोक्यावर, शपथेवर सांगतो, मामींच्या जुन्या कुकरची शिटी.

मी हसलो. मामांनी ते पाहिलं. "हवा जास्त झाली तर तुझो कूलर फुटात," ते गर्जले. "शिटी उडाली की बस. कुकर फुटणा नाय, मगे कूलर कसो फुटतलो?" प्रश्न एवढाच की शिटी झाली तरी मामांना ऐकू येणार नाही. ते काम मामींचं. शिटी झाली की त्या दोन टकटक देत आणि मामा पंपावरचा पाय काढत. म्हणजे हे यंत्र चालवायला दोन माणसं लागतात आणि ती दोन माणसं हीच लागतात.

कूलर प्लास्टिकच्या मोठ्या टबात बुडवला, हवा भरली, शिटी झाली, दोन ठोके पडले. आम्ही तिघं टबावर वाकून नळ्यांची तोंडं बघत राहिलो. बुडबुडा नाही. काटा हलला नाही. मामांनी मान हलवली. कूलर ठीक.

माझं डोकं फिरलं. हे ऐकायला मी पेडण्याहून आलो होतो का? पौर्णिमा तोंडावर आली होती. मी गोणपाट उचललं आणि बहुतेक मामांच्या यंत्राबद्दल काहीतरी बोललोही. त्यांना ऐकू आलं नाही, मामींना आलं. त्या आत गेल्या आणि चहा आणि उंडे पाव घेऊन आल्या. "खा," म्हणाल्या. "उपाशी माणूस रागान बोलता." त्यांनी ज्या सुरात ते म्हटलं, त्यानंतर रागवणं जमेना.

चहा पिताना मामांनी विचारलं, "पाणी खंय जाता? सुटताना की भर खाडीत?"

मी हातांनी खाडी काढून मधोमध बोट ठेवलं.

"म्हणजे गरम झाल्यार," मामा म्हणाले आणि दोन बोटं मिटून-उघडून दाखवली. थंड असताना चीर मिटलेली, पितळ तापलं की ती तोंड उघडणार. थंड पाण्यात ती कशाला दिसेल? मला ते पटलं. मग मामांची नजर सावकाश मागच्या दारी न्हाणीकडे वळली आणि त्याच क्षणी मामी उठून न्हाणीच्या दारात उभ्या राहिल्या.

न्हाणीत मामींचं भाण होतं. आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भलं मोठं भाण, चुलीवर कायमचं बसवलेलं. त्यांच्या आईने लग्नात दिलेलं. दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी भाण घासून लखलखीत करतात, पाणी भरतात, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात. ती माळ अजून तिथेच सुकत लोंबत होती.

"अवो, मनात पण आणू नकात," मामी म्हणाल्या. "त्या भाणात माणसां न्हातत. इंजिनाचा तेल खंय घालतात?"

मामांनी ऐकलं नाही, म्हणजे ऐकू आलं नाही. पण ओठ वाचले असावेत. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. बोललो मी. देवीची पालखी, मान, रुद्रेश, डॉल्फिन, सगळं मी मामींना सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. माझं झाल्यावर माळेकडे बघून म्हणाल्या, "देवीचा काम असा, ता पयलां सांगूक काय झाला होता?" मग माळ काढून तुळशीपाशी ठेवली आणि अट घातली. कूलर आधी रिठ्याच्या पाण्याने इतका स्वच्छ करायचा, की त्यांनी पांढरा पंचा फिरवला तर डाग पडता कामा नये. अर्धा दिवस मी तो कूलर न्हाऊ घातला. माझ्या पोरांना मी कधी एवढं चोळलं नाही.

भाण पेटवलं. पाणी तापू लागलं तसा मामांनी कूलर दोराने खाली सोडला, हवा भरली. आणि बुडबुडे आले. एक नाही, दोन नाही. सात-आठ नळ्यांच्या तोंडाशी मोत्यांसारखे बारीक बुडबुडे. मामांचा चेहरा फुलला. त्यांनी खिशातून पितळेची बुचं काढली. फुटलेल्या नळीच्या दोन्ही तोंडांत ती ठोकून बसवली की ती नळी बाद, बाकीच्या चालू. पण सात-आठ नळ्या बाद केल्या तर उरलेल्यांना इंजिन निववणं झेपणार नाही. हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. तरी हातोडी उचलली गेली. इतके दिवस न दिसलेलं दिसल्यावर माणसाला दम निघत नाही.

मामींनी खांद्यावर तीन ठोके दिले. मागे.

"ते पाण्याचे बुडबुडे," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "पयल्या तापाचे. कूलर नसलो तरी येतत. रोज बघतंय मी. भाणाच्या बुडाक, तांब्याक, सगळीकडे चिकटतत. एकदा उकळी येवन गेली की मगे पाणी गप रवता." त्यांनी हेच मामांना हातवारे करून सांगितलं. मामा भाणाकडे बघत राहिले, मग हातोडी खाली ठेवली. पन्नास वर्षं त्यांनी त्याच भाणातलं पाणी अंगावर घेतलं होतं, पण ते तापतं कसं हे बघायला कधी थांबले नव्हते. आपण तरी कुठे थांबतो.

मग मामी म्हणतील तसं झालं. कूलर बाहेर काढला. पाणी खळखळून उकळू दिलं. जळती लाकडं ओढून घेतली. पाणी निपचित झालं, तरी वाफ होतीच. मग त्यात कूलर सोडला आणि तो पुरता तापेपर्यंत आम्ही काही न करता बसून राहिलो. हे बसून राहणं मला फार जड गेलं. मग हवा, शिटी, दोन ठोके.

पाणी स्वच्छ. नळ्यांची तोंडं स्वच्छ. आणि खालच्या बाजूच्या एकाच नळीतून बुडबुड्यांची एक बारीक दोरी वर येऊ लागली. एकामागून एक, न थांबता. आधी ती मामींना दिसली, मग मला. पंप थांबलेला होता आणि काटा हळूहळू उतरू लागला. "ही चोर," ते म्हणाले आणि या वेळी त्यांचा आवाज इतका हळू होता की मी वळून पाहिलं.

एका नळीला दोन बुचं बसली. परत तापवून पाहिलं. काही नाही. मी न्हाणीच्या भिंतीला हात टेकून उभा होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराने नव्हे. उगाच खोटं कशाला सांगू.

कूलर वर काढताना त्याच्या पट्टीचा कोपरा भाणाच्या काठाला आपटला आणि पोचा पडला. कडेला तेलाचं एक काळं वळंही उरलं होतं, एवढं न्हाऊ घालूनही. भाण निवल्यावर मामींनी पोच्यावरून अंगठा फिरवला. मी तोंड उघडणार तोच म्हणाल्या, "आता ह्या भाणाची माणसांची न्हाणी सोपली. ह्या ऱ्हांवदे ह्येंच्या यंत्राक." आणि मामांच्या खांद्यावर एकदा ठोकलं. पुढे. आज त्यांच्या परसात त्या भाणाला वेगळी चूल आहे. मामा-मामी ॲल्युमिनियमच्या टोपात पाणी तापवून आंघोळ करतात. नव्या भाणासाठी मी किती हट्ट केला, मामी ऐकत नाहीत.

पौर्णिमेला दोघांना घेऊन आलो. आदल्या दिवशी दत्तारामांकडे गेलो होतो, गाऱ्हाण्यात या दोघांचं नाव घ्याल का विचारायला. "गाऱ्हाण्यात भायल्या गावचा नाव येणा नाय," ते म्हणाले. रीत ती रीत. मी वाद घातला नाही, हे माझ्या आईला अजून खरं वाटत नाही.

पालखी होडीत चढली. मामी बायकांमध्ये बसल्या. मामा सरळ इंजिनापाशी खाली उतरले आणि कूलरवर तळवा ठेवून बसले. ढोल सुरू झाले, त्यांना ते ऐकू येत नव्हते. मागून थोडं अंतर ठेवून रुद्रेशची बोट येत होती. दत्तारामांनीच सांगितलं असणार. मी सुकाणू धरून ताप दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होतो. गेल्या वर्षी जिथे वाफ सुटली ती जागा आली. मी खाली पाहिलं. मामांनी वर न बघताच दुसरा हात उचलला आणि मला पुढे जाण्याची खूण केली. काटा जागचा हलला नाही. ती जागा मागे पडली, आरत्या दिसू लागल्या, धक्का आला. रुद्रेशने मागून हात वर केला आणि बोट वळवून निघून गेला.

दोर बांधले. पालखी उतरली. धाकट्या बहिणीच्या माणसांनी पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि दत्ताराम गाऱ्हाण्याला उभे राहिले. "आये, तुझी लेकरां तुका घेवन तुझ्या भैणीच्या दारात इली. वाटेत राखलंस, तशीच परतताना राख."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले.

"ज्येंच्या हातांनी होडी चलली, तेंचो मान तेंच्या घरात राख."

"व्हय महाराजा."

दत्तारामांनी एकदा बायकांमधल्या मामींकडे पाहिलं. "आणि आये, आमोण्याचो बाबली आणि तेची घरकान्न शेवंती. गावची नाय, तरी तुझ्या कामाक इली. तेंका उणा पडू देव नको."

"व्हय महाराजा," धक्क्यावरची सगळी माणसं म्हणाली. शेवंतीमामींनी पदर तोंडाला लावला. ज्या दोघांसाठी ते म्हटलं गेलं त्यांतल्या एकाला मात्र ते ऐकू आलं नव्हतं. मामा अजून खाली इंजिनापाशीच होते, हात कूलरवर, कुणी काही सांगेल म्हणून थांबलेले.

मी होडीत परत उतरलो. इंजिन बंद केलं. पाना उचलला आणि इंजिनावर ठोके दिले, सावकाश, एकेक करून. चार.

ते मामांच्या तळव्यात पोचले. त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. "चार?" त्यांनी विचारलं.

मी चार बोटं दाखवली.

मामांनी कूलरवरचा हात काढला, पंच्याला नीट पुसला, आणि वर आले.